कानातली शीळ, रात्रीची जाग आणि दहा टक्के

अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याकडे सैनिकांच्या दुखापतींना आणि आजारांना टक्केवारी लावणारी एक जाडजूड नियमावली आहे. तिच्यात ६२६० या क्रमांकाखाली टिनिटसची नोंद आहे. टिनिटस म्हणजे बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात ऐकू येणारी शीळ, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखी किर्र. तिच्यापुढे एकच आकडा आहे, १० टक्के. आवाज एका कानात असो, दोन्ही कानांत असो की डोक्याच्या मध्यभागी, आकडा तोच. बारीक असो वा मोठा, तरीही तोच. दोन कानांना वेगवेगळे १० टक्के मिळावेत म्हणून एक माजी सैनिक न्यायालयात गेला होता. २००६ साली फेडरल सर्किट न्यायालयानं खात्याची बाजू उचलून धरली आणि तो प्रश्न मिटला. २०२५ च्या दरानं या १० टक्क्यांचे महिन्याला १७५.५१ डॉलर मिळत होते, करमुक्त.

या खात्याच्या वार्षिक अहवालांत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वांची क्रमवारी असते. तिच्यात गेली कित्येक वर्षं टिनिटस सगळ्यांत वर आहे. गुडघे, पाठ, मानसिक आघात हे सगळं त्याच्या खाली. २५ लाखांहून अधिक माजी सैनिक या एका कारणासाठी भरपाई घेतात. पण ६२६० क्रमांकाची ती नोंद फक्त आवाजाची आहे. त्या आवाजापायी रात्र रात्र डोळा लागत नाही, सकाळी हातपाय उचलत नाहीत, कामावर चुका होतात, घरात चिडचिड होते, याचा तिच्यात उल्लेख नाही. झोपेसाठी वेगळा दावा करावा लागतो आणि त्याचा रस्ता लांबचा आहे. शरीराला जे एकच दुखणं आहे त्याचे कायदा दोन तुकडे करतो, आणि दुसरा तुकडा पहिल्याला जोडून दाखवण्याची जबाबदारी न झोपलेल्या माणसावर टाकतो. मला या सगळ्या व्यवस्थेत खटकतं ते हेच.

आधी आवाजाचं पाहू.

रायफलीतून सुटलेल्या एका गोळीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १५५ ते १६० डेसिबलच्या घरात असतो. मोठ्या तोफेजवळ तो १८० च्या आसपास जातो. अचानक फुटणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानतात. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते. म्हणजे १४० आणि १६० यांच्यात शंभरपटींचं अंतर आहे. त्यात रणगाड्याच्या आतला घरघराट, हेलिकॉप्टरचे पंखे, विमानवाहू जहाजाच्या डेकवरची जेट विमानं आणि इराक-अफगाणिस्तानात रस्त्याकडेला पेरलेले बॉम्ब धरले, तर लढाई न पाहिलेल्या सैनिकाचेही कान का जातात ते कळतं. कान बिघडायला शत्रू लागत नाही, सरावाचं मैदान पुरतं.

माणसाच्या प्रत्येक अंतर्कर्णात साधारण १५ हजार रोमपेशी असतात. हवेतल्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करण्याचं काम त्यांचं. मेलेली रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पण नुकसान त्याच्याही आधी सुरू होतं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या बॉस्टनच्या संशोधकांनी २००९ साली उंदरांवर दाखवून दिलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत होते, रोमपेशीही जागेवर असतात, पण त्यांना श्रवणनसेशी जोडणारे दुवे काही भागांत निम्म्यापर्यंत कायमचे तुटलेले असतात. नेहमीच्या श्रवणचाचणीत, म्हणजे ऑडिओग्रामवर, हे दिसत नाही. म्हणूनच ‘तुमची चाचणी नॉर्मल आहे’ असं सांगून परत पाठवलेला माणूस खोटं बोलत असतो असं नव्हे.

मग आवाज येतो कुठून? आज सर्वाधिक मान्य असलेलं उत्तर मेंदूकडे बोट दाखवतं. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की श्रवणाशी संबंधित मेंदूची केंद्रं आपली संवेदनशीलता वाढवतात. दूरचं स्टेशन नीट लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा आणि स्टेशनाऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसं काहीसं. कापलेल्या पायाची बोटं दुखतात ती याच जातीची संवेदना. या खरखरीचा अंश बहुतेकांच्या डोक्यात असतो. १९५३ साली मॉरिस हेलर आणि मो बर्गमन यांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचं नोंदवलं. म्हणजे शांतता पुरेशी गडद झाली, की धडधाकट माणसालाही डोक्यातला आवाज ऐकू येतो. माजी सैनिकाच्या बाबतीत तो आवाज मुळातच वाढलेला असतो, आणि रात्रीची शयनगृहाची शांतता रोज येते.

कान वाचवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. त्यातला एक प्रयत्न मात्र फार महागात पडला. २००३ ते २०१५ या काळात अमेरिकी सैनिकांना दोन्ही बाजूंनी वापरता येणारे ‘कॉम्बॅट आर्म्स’ नावाचे इअरप्लग दिले गेले. ते आखूड असल्यानं कानात नीट बसत नाहीत आणि नकळत सैल होतात, असा आरोप झाला. थ्रीएम कंपनीनं २०१८ साली सरकारशी ९१ लाख डॉलरची तडजोड केली. पुढे लाखोंच्या संख्येनं सैनिक आणि माजी सैनिक फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या न्यायालयात गेले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं ६ अब्ज डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. दोन्ही वेळा कंपनीनं दोष कबूल केला नाही. ही भरपाई आणि माजी सैनिक खात्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता झोप. यंत्रानं टिनिटसची पातळी जुळवून पाहिली, तर तो बहुतेकांमध्ये ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या जेमतेम काही डेसिबल वर भरतो. पानांच्या सळसळीइतकाही नाही. आणि ज्याचा आवाज जास्त मोठा त्याला त्रास जास्त, असंही गणित नाही. त्रास ठरतो मेंदू त्या आवाजाला काय समजतो यावर. पॉवेल यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेला सिद्धान्त असा, की भीती आणि सावधपणा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांनी त्या आवाजाला ‘धोका’ म्हणून शिक्का मारला, की तो मागे सरत नाही. एरवी पंख्याचा आवाज जसा विरून जातो तसा विरत नाही.

सैनिकाच्या बाबतीत हा शिक्का बसायला फार वेळ लागत नाही, असं मला वाटतं. रात्रीच्या पहाऱ्यावर बारीकशा आवाजाला जागं होणं हे त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. तोच सावध मेंदू घरच्या पलंगावर आतली शीळ ऐकत बसतो. झोप लागण्यासाठी शरीर जेवढं सैल व्हावं लागतं तेवढं होत नाही. हृदयाचा ठोका, ताणाची रसायनं, विचारांचा वेग, सगळं चढं राहतं. वैद्यकात याला अतिजागृती म्हणतात. मग माणूस उपाय म्हणून ज्या गोष्टी करतो त्या झोपेच्या मुळावर येतात: साडेआठलाच अंथरुणात शिरणं, दुपारी डुलकी, दर तासाला घड्याळ पाहणं, दोन पेग घेऊन झोपणं. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञानं निद्रानाशाची तीन प्रकारची कारणं वेगळी काढली होती: मुळात असलेली प्रवृत्ती, ठिणगी टाकणारा प्रसंग, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी. टिनिटसमध्ये ठिणगी कधीच पूर्ण विझत नाही आणि सवयी तिला हवा घालत राहतात. उलटंही होतं. न झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोच आवाज जास्त टोचतो. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोपेचा त्रास आणि दिवसा त्याचा परिणाम, हा निद्रानाशाच्या निदानाचा निकष आहे. अशा माजी सैनिकांपैकी अनेकांनी तो वर्षांपूर्वीच ओलांडलेला असतो.

भरपाईच्या बाजूनं पाहिलं तर टिनिटस सिद्ध करणं तुलनेनं सोपं आहे. हा आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, यंत्रालाही नाही. तेव्हा सैनिकाचा शब्द हाच मुख्य पुरावा. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या अपील न्यायालयानं २००२ साली स्पष्ट केलं, की ‘माझ्या कानात आवाज येतो आणि तो अमुक काळापासून येतो’ हे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही. सैन्यातल्या कोणत्या कामात आवाजाचा मारा कमी, मध्यम की जास्त, याची तयार यादीही खात्याकडे आहे. तोफखान्यातल्या माणसाला ‘तुझा आवाजाशी काय संबंध’ असं कुणी विचारत नाही.

झोपेचा दावा याला जोडून करतात. माजी सैनिकांच्या बोलण्यात तो ‘सेकंडरी क्लेम’. संघराज्याच्या नियमसंहितेच्या ३८ व्या भागातलं ३.३१० हे कलम सांगतं, की सेवेमुळे आलेल्या आजारानं दुसरा आजार निर्माण झाला किंवा आधीचा बळावला, तर त्या दुसऱ्याचीही भरपाई मिळते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. टिनिटसला आधी मान्यता मिळालेली असावी. निद्रानाशाचं निदान डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं; ‘झोप नीट लागत नाही’ एवढी नोंद चालत नाही. आणि या दोहोंना जोडणारं वैद्यकीय मत हवं, ज्याला सगळे ‘नेक्सस लेटर’ म्हणतात.

दावे पडतात ते बहुधा या तिसऱ्या पायरीवर. डॉक्टरांनी शंभर टक्के खात्री द्यावी अशी कायद्याची अपेक्षा नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे, म्हणजे पन्नास-पन्नास, एवढं पुरतं. पारडं समान राहिलं तर कौल माजी सैनिकाच्या बाजूनं द्यायचा. १९९० साली एका निकालात न्यायालयानं हे समजावताना बेसबॉलचा नियम आठवला होता: चेंडू आणि धावणारा एकाच वेळी पोचले तर धावणारा सुरक्षित. एवढा उदार निकष असूनही पत्र फसतं, कारण त्यात निष्कर्ष असतो आणि कारणं नसतात. ‘टिनिटसमुळे निद्रानाश झाला असू शकतो’ हे वाक्य निरुपयोगी ठरतं. त्रास केव्हा सुरू झाला, शांततेत आवाज वाढतो का, झोप लागायला किती वेळ जातो, मध्येच जाग आल्यावर काय ऐकू येतं, दारू, पाळीचं काम, श्वास अडखळणं ही दुसरी कारणं तपासली का, हे सगळं ज्या पत्रात आहे ते टिकतं. पत्नीनं किंवा जुन्या सोबत्यानं लिहिलेलं निवेदनही इथे खरं वजन टाकतं. तो रात्री दोनला उठून टीव्ही लावून बसतो, हे रोज पाहणाऱ्याइतकं दुसरं कोण सांगू शकेल?

मान्यता मिळाली तरी टक्के किती? नियमावलीत निद्रानाशाला स्वत:चा क्रमांकच नाही. अशा वेळी जवळच्या आजाराच्या मापानं मोजायचं असा नियम आहे, आणि निद्रानाश बहुधा मानसिक आजारांच्या मापानं मोजला जातो: ०, १०, ३०, ५०, ७० आणि १०० टक्के. दीर्घकाळ बिघडलेली झोप हे शब्द ३० टक्क्यांच्या रकान्यात उदाहरण म्हणून येतात. त्यावरून अनेकांचा समज होतो की झोप नाही म्हणजे ३० टक्के पक्के. तसं नाही. त्या यादीतली लक्षणं नमुन्यादाखल आहेत. खरी मोजणी कामावर आणि नात्यांवर किती परिणाम झाला याची.

टक्क्यांची बेरीजही शाळेतली नाही. झोपेला ३० मिळाले तर माणूस ७० टक्के धडधाकट उरला असं धरतात. टिनिटसचे १० टक्के त्या ७० मधून काढायचे, म्हणजे ७. एकूण ३७, आणि जवळच्या दहाला नेऊन ४०. २०२५ च्या दरानं एकट्या माणसाला ४० टक्क्यांचे ७७४.१६ डॉलर मिळत होते. १७५ डॉलरच्या शेजारी हा आकडा ठेवला की लोक झोपेच्या दाव्यासाठी एवढे का झटतात ते सांगावं लागत नाही.

दोन ठिकाणी गफलत होते. ज्याला युद्धाच्या मानसिक आघाताचं, म्हणजे पीटीएसडीचं रेटिंग आधीच आहे, त्याच्या त्या टक्क्यांत बिघडलेली झोप बहुधा मोजलेली असते, आणि एकाच लक्षणाची भरपाई दोनदा देता येत नाही. दुसरी गफलत स्लीप ॲप्नियाची. त्यात झोपेत श्वास थांबतो; तो वेगळा आजार, त्याचा क्रमांक वेगळा, त्याची तपासणी वेगळी. टिनिटसमुळे झोप जाते हे पटण्यासारखं आहे, टिनिटसमुळे घसा बंद होतो हे पटवणं फार अवघड.

या गुंतागुंतीवर पोट भरणाऱ्यांचा एक धंदा उभा राहिला आहे. हजारो डॉलर घेऊन दावा ‘तयार’ करून देणारे लोक माजी सैनिकांना गाठतात. पहिल्यांदा दाखल करायच्या दाव्यासाठी शुल्क घेणं कायद्याला मान्य नाही, आणि डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम मोफत करतात. झोपेविना थकलेल्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्यांबद्दल मला राग आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही.

नियमही बदलाच्या वाटेवर आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्यानं प्रस्ताव मांडला, की टिनिटसची स्वतंत्र नोंद काढावी आणि तो ज्या आजारातून आला त्याचं लक्षण म्हणून मोजावा. नियमावली बदलली एवढ्याच कारणानं आधी मिळालेलं रेटिंग मात्र कमी करता येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे नाशिकजवळचं देवळालीचं तोफखाना विद्यालय आणि अहिल्यानगरचं चिलखती दलाचं केंद्र आठवेल. कान तिथेही तेच आणि दारूगोळाही तसाच. भारतीय सैन्यातल्या अपंगत्व पेन्शनची कसोटीही शब्दांनी जवळची आहे: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेनं बळावला. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरती होताना नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळे आला असं गृहीत धरायचं, आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा. फरक उंबरठ्याचा आहे. सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याचं अपंगत्व किमान २० टक्के भरावं लागतं. अमेरिकेत टिनिटसला मिळतात तेवढे १० टक्के एकटे इथे त्या उंबरठ्यापर्यंत पोचणार नाहीत. म्हणून निवृत्तीआधीच्या वैद्यकीय मंडळापुढे कानाची आणि झोपेची तक्रार लेखी नोंदवून घेणं आपल्या जवानांसाठी जास्तच महत्त्वाचं आहे.

उपचारांबद्दल एक भीती वारंवार ऐकायला मिळते: झोप सुधारली तर रेटिंग जाईल. भीती अगदी निराधार नाही, खातं फेरतपासणी करू शकतं. पण पाच वर्षं टिकलेलं रेटिंग एका बऱ्या तपासणीवर उतरवता येत नाही, सुधारणा रोजच्या आयुष्यात टिकलेली दिसावी लागते. आणि वीस वर्षं झालेलं रेटिंग फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कमी होत नाही. पैशासाठी आजारी राहावं लागेल या हिशेबानं रात्री घालवणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

कारण या जोडगोळीत बरी होण्यासारखी गोष्ट झोप आहे. टिनिटस पूर्णपणे घालवणारं औषध अजून नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं. (आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा ऐकू येणं अचानक गेलं असेल, तर थांबू नये, आधी कानाचे डॉक्टर गाठावेत.) निद्रानाशासाठी मात्र सीबीटी-आय ही गोळीविना उपचारपद्धती आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये तिला पहिला उपाय म्हटलं.

तिच्यातला एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवला: झोप येईल तेव्हाच अंथरुणात जायचं, थोड्या वेळात लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच. दुसरा भाग स्पीलमन यांचा आणि सुरुवातीला क्रूर वाटणारा. आठ तास पडून साडेपाच तास झोप लागत असेल, तर पलंगावर साडेपाचच तास घालवायचे. झोपेची भूक साचते आणि ती तुकड्यांऐवजी सलग येऊ लागते. पडलेल्या वेळाच्या ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा-पंधरा मिनिटांनी मुदत वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी आणि फिटचा किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. कानासाठी याच्या जोडीला खोलीत हलका, एकसुरी आवाज ठेवतात: पंखा, पावसाची ध्वनिफीत. आतला आवाज बुडवायचा नसतो, त्याच्या भोवतीची शांतता थोडी भरायची असते. ऐकू कमी येत असेल तर दिवसा श्रवणयंत्र लावल्यानंही फरक पडतो, कारण मेंदूला पुन्हा बाहेरचं काही ऐकायला मिळतं.

साधारण सहा ते आठ बैठकांचा हा उपचार माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयांत मिळतो, व्हिडिओ कॉलवरही मिळतो. ‘इन्सोम्निया कोच’ हे खात्यानंच काढलेलं ॲप मोफत आहे. ते वापरायला दाव्याचा निकाल हाती यावा लागत नाही.